तारेच्या वर थोडा दोरा

मिरग लागल्याचं मला पंचांग सांगत नाही, आमच्या काचीगुड्यातल्या गल्लीची मांजरं सांगतात. एरवी स्कूटरच्या सीटवर लोळणारी ही मंडळी त्या दिवशी सकाळपासून शेपट्या ताठ करून दारोदार फिरत असतात, कारण त्या दिवशी अख्खं हैदराबाद मासे खातं. आभाळ कोरडं ठणठणीत का असेना, मिरगाला मासा पोटात गेला म्हणजे पावसाळाभर दमा-खोकला जवळ येत नाही, अशी इथल्या लोकांची समजूत. तेलुगू बोलणारे, दखनी बोलणारे, आमच्यासारखे कधीकाळी बसमत-परभणीकडून आलेले, सगळे पिशव्या घेऊन बाजाराच्या दिशेनं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शारदाम्मा जिन्यातूनच हाक मारतात, "एम अम्मा, चेपलु तेच्चुकोलेदा?" मासे नाही का आणले म्हणून. आमच्या घरात मिरगाला मासा शिजत नाही हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे. तरी विचारतात, आणि मी तरी हसून मान हलवते.

मासा शिजत नाही, पण मिरगाच्या आठवड्यात मी गळ घेऊन तलावावर जाते. पन्नाशी उलटलेली बाई, आबिड्सच्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी, खांद्याला पिशवी आणि हातात काठी घेऊन शहराबाहेरच्या बसमध्ये चढते तेव्हा कंडक्टरसुद्धा एकदा वरून खाली बघतो. बघू दे. मला मासा मिळावा म्हणून मी जातच नाही, हे त्याला कसं सांगणार?

काल रात्री पलंगावर जुनी चादर अंथरून सगळा पसारा मांडला. गळ, दोरीला पीळ बसू नये म्हणून लावायची भिरभिरी, शिशाचे गोळे, आणि गळाच्या आधी बांधायच्या तारा. माशाच्या तोंडात जातो तो गळ आणि आपल्या हातात असते ती दोरी, या दोघांच्या मधला हा हातभर तुकडा. दुकानात त्याला लीडर म्हणतात, आमच्या घरात नुसतं 'तार' म्हणायचे. रोहू-कतल्याला तारेची गरज नसते, ते बिचारे शाकाहारी. पण शिवडा, ज्याला इथले लोक वालुगा म्हणतात, त्याचं तोंड उघडून एकदा आत बोट फिरवून बघा. दात म्हणजे सुटे दात नाहीतच, कानस आहे कानस, वर एक पट्टा आणि खाली एक पट्टा. नायलॉन त्यात सापडलं की दोन झटक्यांत साफ.

परवा सिकंदराबादला खालिदभाईंच्या दुकानात गेले होते. दुकान म्हणजे एका बोळातलं लांबट कपाट, दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. खालिदभाई मला ओळखतात, तरी दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात करतात.

"पैले ये बोलो बाजी, कौनसी मच्छी होना? वालुगा होना तो नायलॉन नक्को. ये देखो, कोटिंगवाला वायर. ये देखो, फ्लुरोकार्बन, पानी में दिखताच नै."

मी म्हटलं, कोटिंगवाल्या तारेचं प्लास्टिक शिवडा पहिल्याच चाव्यात सोलतो, मग पाणी आत शिरतं आणि तार आतून गंजते, बाहेरून कळतसुद्धा नाही. फ्लुरोकार्बनची पारदर्शक दोरी दिसत नाही हे खरं, पण प्रत्येक माशानंतर नखानं चाचपून बघावं लागतं की कुठं खरवडलंय का, आणि उन्हात माझ्या नखाला काय कळणार? खालिदभाईंनी मग आतल्या खणातून एक छोटी पुडी काढली.

"फिर ये लेलो. टायटेनियम. मुडता नै, गंजता नै, टूटता नै. आदमी मर जाता बाजी, ये नै मरता."

बोलून गेले आणि स्वतःच खूश होऊन हसले. त्यांना काय माहीत. मीही हसले. मी पुडी परत केली आणि काहीच न घेता बोळातून बाहेर पडले.

आमच्या तारा दुकानातून आलेल्याच नव्हत्या. त्या स्कूटरच्या क्लचमधून आल्या. भाऊ, माझा मोठा भाऊ, तेव्हा सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात नुकताच शिकाऊ म्हणून लागला होता. येताना रस्त्यावरच्या मेकॅनिककडून तो तुटक्या क्लचवायरी मागून आणायचा. आतला पिळाचा दोर उकलला की एकेक बारीक पोलादी तार सुटी व्हायची. रॉकेलच्या फडक्यानं ती पुसायची, ताणून सरळ करायची, मग गळाच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवतीच पीळ घालायचा. आधी सैल, मग घट्ट. शेवटचं टोक पकडीनं तोडायचं नाही, ही त्याची ताकीद होती. पकडीनं तोडलं की काटा राहतो आणि ओल्या हातांना रक्त काढतो. टोकाला वाकवून मूठ करायची आणि ती गोल फिरवायची, तार आपोआप मुळाशी मोडते, बोट फिरवलं तरी लागत नाही. माझी बोटं बारीक म्हणून दुसरं टोक धरायला मी. गच्चीवर दुपारी आम्ही दोघं बसायचो, रॉकेलचा वास आणि खाली मालगाडीची खडखड. भाऊ डावरा होता, त्यामुळे त्याचा पीळ नेहमी उलटा पडायचा. मी चिडवायची, "तुझी तार घड्याळाच्या उलटी चालते रे." तो म्हणायचा, "माशाला कुठं घड्याळ कळतं?"

अण्णांना, म्हणजे आमच्या वडलांना, तार मंजूर नव्हती. ते नायलॉनवाले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. "तुटलं तर तुटू द्या की. मासा त्याच्या घरी, आपण आपल्या घरी. कामून एवढी ओढाताण?"

भाऊ मान खाली घालून पीळ घालत बसायचा आणि तसाच बोलायचा. "मासा घरी जात नाही अण्णा. घशात गळ घेऊन जातो. खाता येत नाही त्याला. तो मरतो, फक्त आपल्या डोळ्यांदेखत नाही मरत."

हे मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. लोकांना वाटतं चिवट तार हावऱ्या माणसाला लागते. माझ्या भावाला ती मऊ मनामुळे लागत होती. अर्धवट काही करू नये, पकडला तर पकडावा, नाहीतर गळच टाकू नये, असा तो. अण्णा ऐकायचे आणि मग हळूच तार हातात घेऊन उजेडात फिरवून बघायचे. शेवटी शेवटी तर ते तलावावर भेटेल त्याला दाखवायला लागले होते. "आमच्या पोरानं केलीय. हात लावून बघा, कुठं टोचतं का."

अण्णांबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यांना पाण्यात काही गेलेलं बघवायचं नाही. एकदा माझ्या डब्याचं झाकण वाऱ्यानं उडून पाण्यात गेलं. साधं ॲल्युमिनियमचं, पोचा पडलेलं झाकण. मी म्हणेपर्यंत अण्णा कंबरभर पाण्यात. घरी आले ते निथळत, झाकण विजयानं वर धरून. आईनं दारातच असं झापलं की शारदाम्मांच्या सासूबाई वरून बघायला आल्या. "झाकणासाठी? झाकणासाठी उतरलास का रे बाबा?" आई रागावली की नवऱ्याला अरेतुरे करायची. अण्णा नुसते हसत उभे आणि त्यांच्या पायांखाली फरशीवर पाण्याचं डबकं.

आणि मग तो मिरग. त्या वर्षी पाऊस लांबला होता, तलाव आटत आटत मध्ये गोळा झाला होता. काठावर चिखल वाळून त्याच्या खपल्या झालेल्या, चालताना कुरकुर वाजायच्या. मी कॉलेजात होते. भाकरी, वांग्याची भाजी आणि कांदा घेऊन आम्ही तिघं सकाळच्या बसनं गेलो होतो. काठावर बाभळीखाली सावली होती तेवढी धरून मी डबा सोडत होते. अण्णांच्या हातात जाडजूड दोरी, तिच्या टोकाला भाऊची नवी तार. दोरी ताठ झाली. अण्णा ओरडले, "लागला!" मग म्हणाले, "नाही, अडकली."

पाण्याखाली कुठलंतरी खोड असावं. अण्णांनी डावीकडून ओढून बघितलं, उजवीकडून ओढून बघितलं. दोरी तुटण्यातली नव्हती आणि तार तर नव्हतीच नव्हती. भाऊ म्हणाला, "कापून टाका अण्णा, मी दुसरी करतो." अण्णा म्हणाले, "हट्. एवढी मेहनत करून केलीस आणि कापू?" त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दोरी हाताला गुंडाळली आणि चालत निघाले. पाणी पोटरीला होतं, मग गुडघ्याला. मागं वळून मला म्हणाले, "कांदा फोडून ठेव गं." ते त्यांचं शेवटचं बोलणं.

तलाव आटले की वीटभट्टीवाले पोटातली माती उपसून नेतात. पाणी परत आलं की ते खड्डे झाकले जातात. वरून बघणाऱ्याला सगळीकडे सारखंच गुडघाभर पाणी दिसतं. अण्णा पुढचं पाऊल टाकायला गेले आणि होते तिथं नव्हते. भाऊ पळत गेला, पलीकडचे दोघं-तिघं पळत आले. मी काठावर उभी राहून कुणाला तरी हाका मारत होते, कुणाला ते आठवत नाही. त्यांना बाहेर काढलं तेव्हा दोरी हाताला तशीच गुंडाळलेली होती. तिचं दुसरं टोक पाण्यात अजून ताठ होतं. तार तुटली नव्हती.

घरी सगळे गोळा झाले, बसमतहून मामा आला, बायका रडल्या, सगळं झालं. त्या गर्दीत एका दुपारी भाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी उकिडवा बसला होता आणि एकदम म्हणाला, "नायलॉन असतं तर तुटलं असतं." आई चुलीकडे तोंड करून होती. भातावर झाकण ठेवून ती म्हणाली, "जेवून घे." एवढंच. भाऊनं ताट घेतलं, आणि मला वाटलं चला, जेवतोय म्हणजे सावरेल.

तेरावं झालं. त्यानंतर एका सकाळी तो डबा घेऊन ड्युटीला म्हणून निघाला, तो कारखान्यात पोहोचलाच नाही. त्याची पकड आणि तारांची पिशवी खुंटीवर नव्हती. आईच्या शिवणाच्या डब्यातलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि मेणाचा गोळाही सापडेना. आई लोकांचे ब्लाउज शिवायची, हुक लावताना दोरा मेणावरून ओढून घ्यायची म्हणजे तो गुंतत नाही आणि टिकतो. रीळ मी हरवलं म्हणून त्या दुःखातसुद्धा तिनं मला दोन शब्द सुनावले. मीही रडत रडत उलट बोलले. रीळ गेलं कुठं, हा विचार दोघींपैकी कुणीच केला नाही.

शोधायचं तेवढं शोधलं. पोलीस, स्टेशनं, नांदेडपासून विजयवाड्यापर्यंत नातेवाईक. काही कळलं नाही. मग लोक आपापसांत जे बोलू लागले ते आमच्या कानावर यायचंच. बापाच्या मागं पोरगाही गेला असेल, त्याच पाण्यात नसेल तर दुसऱ्या कुठल्या. आई हे ऐकून घ्यायची आणि उठून आत जायची.

तेव्हापासून आईला एक सवय लागली. दारातून कुणीही आत आलं की ती आधी पायांकडे बघते. मी ऑफिसातून येते, गॅसवाला येतो, शारदाम्मा वाटीभर डाळ घेऊन येतात, आईची नजर आधी खाली. पाय ओले आहेत का, कपड्याच्या काठाला चिखल आहे का. पावसाळ्यात सगळ्यांचेच पाय ओले असतात, तेव्हा ती दिवसभर अस्वस्थ असते. फडकं घेऊन फरशी पुसत बसते, पुसलेलीच परत पुसते. मी कितीदा म्हटलं, आई, पुरे. ती म्हणते, "घसरेल कुणीतरी." आता तिच्या डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी ती वाकून बघते. मला त्याची भीती वाटते, खरंच सांगते. कधी कधी मीच दारात थबकून स्वतःच्या पायांकडे बघते आणि मग आत जाते.

आणि मी तलाव धरले. आईला सांगते मैत्रिणीबरोबर चाललेय. तिला सगळं कळतं, ती पदरानं तोंड पुसते आणि काही विचारत नाही. मिरगाच्या दिवसांत, पाणी खाली गेलेलं असताना, काठावर बसलेल्या माणसांमध्ये मी डाव्या हातानं दोरी टाकणारा माणूस शोधते. असे डावरे पुष्कळ निघतात. मी जवळ जाते, तो कुणी भलताच असतो. "क्या होना अम्मा?" असं विचारतो. मी म्हणते, काही नाही, मासा लागतोय का विचारत होते.

गेल्या वर्षी मिरगाआधी मामाचा फोन आला. मामा आता पार म्हातारा झालाय, पण आवाज तसाच मोठा. "ताई, किती दिवस असं लटकत ठेवणार? अण्णांच्या श्राद्धाला त्याचं नाव धड जिवंतात नाही, धड मेलेल्यात नाही. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाकू. त्याला गती मिळेल, तुला झोप मिळेल. मी रविवारी येतो, गुरुजींशी बोलून ठेवतो." आईनं फोन कानाला धरून सगळं ऐकलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "तुला काय वाटतं गं?" इतक्या वर्षांत तिनं मला हे पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, "मला नाही माहीत, आई." आणि मला खरंच माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर असा थकवा होता की ती हो म्हणेल असंच मला वाटलं. पुतळा करायचा, जाळायचा आणि मोकळं व्हायचं. मला तो नुसता विचारही सहन होईना.

त्याच आठवड्यात मिरग लागला. शारदाम्मांचा गुडघा धरला होता, म्हणून त्यांच्यासाठी मासे आणायला मी बाजारात गेले. यादम्मा नावाची बाई तिथं मोठ्या विळ्यानं मासे कापून देते. हात एवढे चपळ की बघत राहावं, आणि तोंड हातांपेक्षा चपळ. तिच्यापुढे एक शिवडा होता, चांगला मांडीएवढा. तिनं डोकं वेगळं केलं आणि विळा कशावर तरी कर्रकन वाजला.

"थू, ये क्या निकला रे! तार!"

जबड्यात गळ रुतला होता आणि त्याला तार लोंबत होती. मी वाकले. सकाळच्या उन्हात ती चमकत होती. ही क्लचची तार तलावाच्या पाण्यात फार दिवस चमकत नाही, एक पावसाळा गेला की तपकिरी पडते. ही कोरी होती. पीळ उलटा पडलेला. मी टोकावरून बोट फिरवलं आणि बोटाला काहीच लागलं नाही.

मी तिथल्या एका पालथ्या टोपलीवर बसलेच. यादम्मानं हातातला विळा सोडून पाण्याची बाटली पुढे केली. "क्या हुआ अम्मा? चक्कर आया क्या?" मी विचारलं, हा मासा कुठला? "मेरेकू क्या मालूम. गाडी में आया. कोई मंजिरा का बोलता, कोई सिंगूर का बोलता." मी म्हटलं, ही तार मला दे. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं गळासकट तार उपसून, पाण्यातून खळबळून काढली आणि माझ्या रुमालात ठेवली. "लेके जाओ. तुमारेच नसीब का था दिखता."

घरी आले तेव्हा दुपार होती. शारदाम्मांचे मासे मी बाजारातच विसरले होते. आई पाटावर बसून शेंगा सोलत होती. तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं, ते कोरडे होते. मी रुमाल उघडला आणि तार तिच्या हातावर ठेवली.

आईनं ती डोळ्यांजवळ नेली, मग सोडून दिलं. डोळ्यांचा उपयोग नव्हता. तिनं बोटांनी बघायला सुरुवात केली. पिळावरून बोट एकदा वर नेलं, एकदा खाली आणलं. ब्लाउजची शिवण तपासायची तसं. "डाव्या हाताची आहे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मग तिचं बोट तारेच्या वरच्या डोळ्यापाशी थांबलं. तिथं दोन बोटं लांबीचा दोरा बांधलेला होता, तुटलेला, टोकाला विस्कटलेला. बाजारात मी तो बघितलाच नव्हता, मी तारच बघत बसले होते. आईनं दोरा नाकाशी नेला आणि बराच वेळ हुंगला.

"मेण आहे," ती म्हणाली. "माझ्यावाणी लावलंय."

मला रीळ आठवलं. तिलाही तेच आठवलं असणार, कारण तिनं दोरा बोटांत धरून मेण परत एकदा चाचपलं.

"मला एक सांग," ती म्हणाली. "तार एवढी पक्की, दोरी पक्की, मग मधी हा कच्चा दोरा कामून?"

मी सांगायला लागले आणि सांगता सांगता मलाच कळत गेलं. शिवड्याचे दात तारेवर येतात, तिथं दोरा चालत नाही, तिथं तारच पाहिजे. पण तार खाली कुठं अडकली तर ती तुटत नाही, दोरीही तुटत नाही, मग माणसाला सोडवायला आत जावं लागतं. म्हणून दोघांच्या मध्ये त्यानं दोरा ठेवलाय. माशाला पुरेल एवढा पक्का आणि माणसाला काठावरून एका हिसक्यात तोडता येईल एवढा कच्चा. एवढा मोठा मासा असेल तर तोही तोडून जातो, तसाच हा गेला असेल. गळ घेऊन जाणारा मासा ज्याला बघवत नव्हता, त्यानं तो जाऊ द्यायचं कबूल केलंय.

आईनं नीट ऐकलं. शेंगांची टोपली बाजूला सरकवली.

"म्हंजे अडकली की तो काठावरूनच तोडतो."

"हो."

"पाण्यात उतरत नाही."

"नाही आई. उतरायला लागू नये म्हणूनच तर दोरा."

"उतरत नाही," ती पुन्हा म्हणाली, जणू ते दोन शब्द आधी कुणी बोललेच नव्हते. आणि मग ती रडली. अण्णा गेले तेव्हा रडली नव्हती तशी, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मी तिला धरून बसले आणि मीही रडले. रडणं ओसरल्यावर ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "मामाला फोन लाव. म्हणावं येऊ नको. माझं लेकरू पाण्यात उतरत नाही."

मामा फोनवर खूप ओरडला. एका तारेच्या तुकड्यावरून काय ठरवता, म्हणाला. डावरे काय दुनियेत एकच आहेत का, मेण काय तुमच्याच घरी मिळतं का. त्याचं सगळं खरं आहे. मीही ते सगळं वर्षभर स्वतःला विचारलंय. मंजिरा नदीच्या काठानं दोनदा जाऊन आले, सिंगूरच्या धरणावर गेले, चहाच्या टपऱ्यांवर विचारलं, कुणी काही सांगू शकलं नाही. कधी वाटतं भाऊ साठीकडे झुकलेला, कुठल्यातरी बाभळीखाली रॉकेलच्या फडक्यानं तारा पुसत बसलाय. कधी वाटतं हे सगळं आम्हा दोन बायकांच्या डोक्यातलं. पण रविवारी पुतळा झाला नाही. आणि गेल्या पावसाळ्यात आईनं फरशी कमी वेळा पुसली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून या वर्षी चादरीवर एवढा पसारा मांडला तरी निवड झालेलीच होती. टायटेनियम नको, फ्लुरोकार्बन नको. मेकॅनिककडून क्लचवायर आणली, उकलली, पुसली. माझा पीळ सुलटाच पडतो, त्याला इलाज नाही. टोक मात्र फिरवून मोडलं, बोट लावून बघितलं, टोचत नाही. तारेच्या वर थोडा दोरा. दोऱ्याला मेण आईनं लावलं. डोळ्यांनी दिसत नसताना, नुसत्या हातानं, ती दोरा मेणावरून ओढत होती आणि खोलीत तो जुना वास पसरत होता. मला वाटलं मागं वळले तर भाऊ गच्चीच्या दारात उभा असेल. मी वळले नाही.

आज सकाळी निघताना आई दारापर्यंत आली. तलावावर जातेय हे पहिल्यांदाच आम्ही दोघींनी उघडपणे बोललेलं. तिनं माझ्या पिशवीत हात घालून काहीतरी ठेवलं. बघितलं तर पांढऱ्या दोऱ्याचं नवं रीळ आणि मेणाचा गोळा.

"आहे ना माझ्याकडे बांधलेला," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी नाही. त्याच्याकडचं संपलं असेल."

मी पिशवी खांद्याला लावली. जिना उतरायला लागले तेव्हा तिनं वरून हाक मारली.

"आणि भेटला तर सांग त्याला. तेव्हा मी काही बोलले नव्हते, चुलीवर भात होता, मला सुचलं नाही. आता सांगते म्हणावं. झाकणासाठी उतरणारा माणूस होता तो. नायलॉन असतं तरी उतरला असता, दुसऱ्या कशासाठी तरी उतरला असता. तारेनं काही केलं नाही. सांगशील ना?"

"सांगते," मी म्हटलं.

"आणि जेवलास का विचार."

खाली गल्लीत मांजरं फिरत होती. बस यायला वेळ होता, मी पिशवीत हात घालून रीळ आहे ना ते पुन्हा एकदा बघितलं.